मुद्दाम उंच ठेवलेली दाढ

जगातल्या उद्धट शहरांची यादी छापून आली आणि तिच्यात आत्याचं शहर पहिलं होतं, तेव्हा आमच्या घरात कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. एका प्रवासी कंपनीने म्हणे हजारो प्रवाशांना विचारून ती यादी केली होती. माझा अंदाज असा की त्यातले निदान शंभरेक प्रवासी आत्याच्या दुकानात डोकावले असणार. एरवी ते शहर तिसरं-चौथं आलं असतं, पहिल्या नंबरावर आत्यानेच नेलं, असं मी बाबांना म्हणाले. बाबा म्हणाले, असं बोलू नये, मनाने चांगली आहे ती. बाबा सगळ्यांबद्दल हेच म्हणतात. आमच्याकडे चोरी झाली तेव्हाही ते म्हणाले होते की कपाटाचं दार मात्र त्याने जाताना नीट लावलं.

त्याच कंपनीने प्रेमळ गावांचीही यादी काढली होती. तिच्यात आमचं गाव चौथं आलं, म्हणजे आम्ही किती गोड आहोत ते आता छापील झालं. आमच्याकडे कुणी कुणाला नाही म्हणत नाही. शिंपी गुरुवारी कपडे देतो म्हणतो, कुठल्या गुरुवारी ते सांगत नाही. रस्ता विचारला तर माहीत नसला तरी सांगतात, कारण विचारणाऱ्याला तसंच पाठवणं बरं दिसत नाही. "येतो हं" म्हणजे येणार नाही, आणि "अगदी नक्की येतो" म्हणजे वाटच बघू नका. इथे जन्मलेल्याला हे आपोआप कळतं. बाहेरचे बिचारे ताट वाढून बसतात.

चौथ्या नंबराबद्दल नगरपालिकेने समारंभ ठरवला आणि गावाच्या वतीने बाबांनी बोलावं असं सगळ्यांना वाटलं. बाबा चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवत होते. नापास मुलाच्या वहीवर 'प्रयत्न सुंदर' असा शेरा देणारे ते एकटेच, तेव्हा निवड चुकीची नव्हती. पण बाबा नाही म्हणाले. माझ्या आठवणीत त्यांनी हा शब्द पहिल्यांदाच वापरला.

मी त्यांच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहते आणि पोस्टातली नोकरी सुटली की रोज संध्याकाळी डोकावते. त्या दिवशी मुद्दाम दुपारी गेले. बाबा चहात भिजवलेली बिस्किटं चमच्याने खात होते आणि तोंडात एकही दात नव्हता. वरची आणि खालची, दोन्ही कवळ्या दाढीच्या आरशामागे एका पेल्यात पाण्यात पडल्या होत्या. मला बघताच त्यांनी त्या घाईघाईने घातल्या आणि म्हणाले, फारच छान बसल्यात. मग माझं लक्ष त्यांच्या पट्ट्याकडे गेलं. मूळच्या भोकांच्या पुढे त्यांनी खिळ्याने तीन नवी भोकं पाडली होती.

घोडं कुठे पेंड खातंय ते तेव्हा कळलं. कवळ्या करणारा दंतवैद्य बाबांचा जुना विद्यार्थी. कवळ्या पहिल्या दिवसापासून टोचत होत्या, पण पोराने इतक्या मनापासून केल्यात, त्याला वाईट वाटेल, म्हणून बाबा चार वेळा त्याच्या दवाखान्यात गेले आणि चारही वेळा छान बसल्यात असं सांगून आले. चौथ्यांदा तर आभाराचं पत्र देऊन आले. त्याने ते चौकटीत घालून बाहेरच्या खोलीत लावलं आहे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त इथे मारणाऱ्याला प्रशस्तिपत्रही मिळालं होतं.

आठ महिन्यांत त्यांचं अकरा किलो वजन गेलं होतं. घरच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या होत्या आणि त्या चांगल्या होत्या. काळजीचं तसं काही नाही, फक्त पुढच्या वेळी मुलीला बरोबर आणा, असं ते बाबांना म्हणाले होते. आमच्या गावच्या भाषेत हे वाक्य फार वाईट आहे. मी एकटी जाऊन त्यांना भेटले आणि पिच्छा सोडला नाही, तेव्हा त्यांनी टेबलाकडे बघत सांगितलं की या वयात माणूस नीट चावून खाणार नसेल तर त्याचं फार दिवस निभत नाही. मी घरी आले आणि आत्याला फोन लावला.

आत्याने सगळं ऐकून घेतलं. किती किलो, तिने विचारलं. अकरा, मी म्हणाले. "आणि तू काय करत होतीस?" ती म्हणाली. मी रडायच्या बेतात होते तर म्हणाली, रडायचं असेल तर फोन ठेवून रड, इकडे गिऱ्हाईक तोंड उघडून बसलंय, आणि तुझ्या बापाला घेऊन ये. आणि फोन ठेवला.

आता आत्याबद्दल सांगायला हवं. ती बाबांपेक्षा चार वर्षांनी मोठी, एकाहत्तरची आहे, आणि कवळ्या करते. वरच्या मजल्यावरचा दंतवैद्य दात काढतो आणि खाली आत्या दात घालते, असा त्या इमारतीचा कारभार आहे. ती जन्माने आमच्याच गावची, आमच्याच साखरेत घोळलेली. लग्न होऊन त्या शहरात गेली तर पहिल्याच आठवड्यात शेजारणीने दार वाजवून सांगितलं की तुमचा नळ गळतो, आवाजाने मला झोप येत नाही, दुरुस्त करा. आत्या दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी नळ दुरुस्त झाला आणि चौथ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की विषय संपलासुद्धा. आमच्याकडच्या शेजारणीने तो नळ तीन वर्षं हसतमुखाने सोसला असता आणि फक्त गल्लीभर सांगितला असता. आत्या म्हणते, मला त्या चौथ्या दिवशी ते शहर आवडायला लागलं.

तिचा नवरा कवळ्यांचा कारागीर होता. त्याने तिला आधी नुसतं घासायला शिकवलं, मग मेणावर दात लावायला, मग माप घ्यायला. तो गेल्यावर दुकान तिने चालवलं, त्याला सव्वीस वर्षं झाली. आमच्या नातेवाइकांनी तिचं नाव उद्धट म्हणून कधीच टाकून दिलं होतं. तिची पत्रंही तशीच असत. तुझं पत्र मिळालं, अक्षर बिघडलंय, वहिनीला खोकला आहे तर डॉक्टरकडे ने, नुसता काढा देत बसू नको, संपलं. बाबांची पत्रं चार-चार पानी असत आणि प्रत्येकाच्या शेवटी 'लवकरच येतो' असे. पंचेचाळीस वर्षांत ते दोनदा गेले होते, एकदा तिच्या लग्नाला आणि एकदा तिचा नवरा वारला तेव्हा.

आम्ही सहा तासांचा प्रवास करून दुपारी पोचलो. बसमधून उतरताना बाबा ड्रायव्हरला म्हणाले, फार छान चालवलीत. ड्रायव्हर म्हणाला, मागची माणसं खोळंबलीत. रस्ता विचारला तर पहिला माणूस माहीत नाही म्हणून चालू लागला, दुसरी बाई न थांबता म्हणाली, उलट दिशेला चाललात. बाबा तिचे आभार मानेपर्यंत ती कोपऱ्यावर पोचली होती. ही माणसं वरून फणसासारखी आणि आतून गोड असतात वगैरे मी म्हणणार नाही. त्यातली निम्मी आतूनही तशीच असावीत. पण आम्ही दहा मिनिटांत बरोबर दारात उभे होतो, हे खरं.

आत्याने दार उघडलं, बाबांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "म्हातारा दिसतोस." बाबा हसले, अर्थात तोंड मिटून. दात दाखवून अवलक्षण नको म्हणून ते हल्ली तसंच हसत. रात्री जेवताना तिने मला भाजी कशी झालीये विचारलं. भाजी खारट होती. मी सवयीने छान म्हणाले, तर तिने आणखी दोन डाव माझ्या ताटात वाढले आणि संपेपर्यंत समोर बसून राहिली. मग म्हणाली, मीठ दोनदा पडलंय, मला माहीत होतं. तेव्हापासून मी तिच्या घरी कशालाही छान म्हटलेलं नाही.

दुकान म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी एक मागे कलणारी खुर्ची, एक आरसा आणि आरशाशेजारी ती यादी, पहिल्या नंबराखाली निळ्या पेन्सिलीने रेघ मारून चिकटवलेली. आतल्या खोलीत प्लास्टरची पोती, मेणाच्या गुलाबी पट्ट्या, दातांचे छोटे छोटे खण आणि घासायचं यंत्र. फळीवर लोकांच्या जबड्यांचे पांढरे साचे ओळीने मांडलेले असतात आणि प्रत्येकाच्या तळाला नाव लिहिलेलं असतं. शहरातली निम्मी म्हातारी माणसं तिथे तोंड उघडून बसलेली आहेत आणि एकही बोलत नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

पहिल्या सकाळी आत्याने बाबांचं माप घेतलं. तेवढ्यात एक भाजीवाली आत शिरली. तिने रुमालातून खालची कवळी काढून टेबलावर आपटली आणि विचारलं की ही कुणासाठी केली आहेस, माझ्यासाठी तर नक्कीच नाही. बाबा खुर्चीत आक्रसले. आत्याचा चेहरा मात्र खुलला. कुठे, तिने विचारलं. भाजीवालीने सगळ्यांसमोर तोंडात बोट घालून जागा दाखवली. आत्याने निळ्या पेन्सिलीने कवळीवर खूण केली, आत जाऊन यंत्र सुरू केलं, घासली, बोट फिरवून पाहिलं आणि परत आणून दिली. दोन मिनिटंही लागली नसतील. भाजीवालीने ती घातली, पिशवीतलं गाजर काढून कडाकडा चावलं, आणि गाजर चावत चावतच निघून गेली. आभार नाहीत, काही नाही.

बाबा म्हणाले, किती लागेल असं बोलली गं तुला. आत्या हात धूत म्हणाली, बोलली म्हणून तर खातेय.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा झोपले होते तेव्हा आत्याने मला आतल्या खोलीत बोलावून तिच्या कामातली एक गोष्ट सांगितली, आणि बाबांना सांगायची नाही अशी तंबी दिली. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे तिला ठाऊक आहे. कवळी पक्की करण्याआधी मेणावर दात लावून ती एकदा तोंडात बसवून बघतात. त्या वेळी आत्या डावीकडची एक दाढ मुद्दाम थोडी उंच ठेवते. नखाच्या जाडीइतकीच, पण तोंड मिटलं की बाकी सगळ्या दातांच्या आधी तीच आपटते. हे कुणालाही कळतं. या शहरातलं गिऱ्हाईक तोंड मिटता क्षणी ओरडतं, काय केलंस, शिकलीस कुठे. मग आत्या ती दाढ खाली बसवते आणि पुढचं काम सुरू करते.

"जो ही दाढ सांगतो त्याचं बाकीचं सगळं मी खरं धरते," ती म्हणाली. "जो सांगत नाही त्याची कवळी करता येत नाही. तोंड त्याचं. मला आतून थोडंच दिसतंय?"

बाबा सांगतील, मी म्हणाले. आत्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला खारट भाजी आठवली.

तिसऱ्या दिवशी मेणावरची कवळी बाबांच्या तोंडात बसवली. मीट, आत्या म्हणाली. बाबांनी तोंड मिटलं, डावीकडे टक असा आवाज झाला, तो मला दारात ऐकू आला. आत्याने विचारलं, कशी आहे. बाबा म्हणाले, फारच सुंदर, ताई, तुझ्या हाताला तोड नाही. आत्या कवळी काढून आत गेली आणि दाढ आणखी उंच करून आली. आता बाबांचे पुढचे दात एकमेकांना टेकतही नव्हते. त्यांच्या ओठांतून वारा सुटत होता. कशी आहे, तिने पुन्हा विचारलं. बाबा म्हणाले, आधीपेक्षाही छान.

मला आधी हसू आलं आणि मग इतका राग आला की मी पडद्यामागे जाऊन उभी राहिले. हा माणूस उपाशी मरेल पण कुणाला टोचतंय म्हणून सांगणार नाही, आणि त्याच्या फोटोखाली गाव लिहील, स्वभावाने अत्यंत गोड. मला त्यांचे दोन्ही खांदे धरून हलवावंसं वाटलं.

आत्याने कवळी त्यांच्या तोंडातून काढून मापाच्या साच्यावर ठेवली. मग एप्रन सोडून खुंटीला लावला. दिवसाउजेडी तिने एप्रन काढलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"मी नाही करणार," ती म्हणाली. "याला परत घेऊन जा."

त्या शहरात नाही म्हणजे नाही, हे एव्हाना मला कळलं होतं. मी तिच्या विनवण्या करू लागले. डॉक्टर काय म्हणाले ते पुन्हा सांगितलं, अकरा किलो पुन्हा सांगितले. बाबा मध्येच म्हणत होते की ताईला त्रास देऊ नको, मला आहे त्या कवळ्या छानच आहेत. तेव्हा आत्या आत गेली आणि खणाच्या तळातून एक पत्र्याची डबी घेऊन आली. झाकण उघडून तिने ती बाबांच्या मांडीवर ठेवली. आत जुन्या पद्धतीची, खालच्या जबड्याची कवळी होती. गुलाबी रंग जरा पिवळसर झालेला, पण दात नव्यासारखे, एकाही दाढेवर झीज नाही.

"आयुष्यात अशी एक केली आहे," आत्या म्हणाली. "दुसरी करणार नाही."

मला काही कळेना, पण बाबांना कळलं होतं. ती माझ्या आजीची कवळी होती. आत्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटीने केलेली पहिली. मी तेव्हा चार वर्षांची होते. आजीने ती घालून पाहिली होती, लेकीच्या गालावरून हात फिरवला होता आणि म्हणाली होती, फार छान झाली गं, गुणाची माझी बाय. आत्या माहेरी यायची तेव्हा आजी ती घालायची. दीड वर्षाने आजी गेली. शेवटी शेवटी ती नुसतं पातळ काहीतरी पीत असे आणि वय झालं असं सगळे म्हणत. तिचं कपाट आवरताना आत्याला ही डबी मिळाली होती. दाढांवर झीज नव्हती, म्हणजे आईने ती कधी चावायला वापरलीच नव्हती, हे आत्याला डबी उघडताच कळलं. टोचत होती हेही कळलं. कुठे, ते मात्र कळलं नाही. चौतीस वर्षांत शंभरदा हातात घेऊन पाहिली, ती म्हणाली, पण नुसतं बघून कळत नाही, ज्याचं तोंड त्यानेच सांगावं लागतं. उंच दाढेची युक्ती तिने त्यानंतर सुरू केली होती.

बाहेर रस्त्यावर दोन माणसं गाडी लावायच्या जागेवरून मोठ्याने भांडत होती. मग बाबांनी ती कवळी उचलली, उलटी केली आणि उजव्या हाताच्या बोटाने आतल्या कडेवर एक जागा दाखवली.

"इथे," ते म्हणाले. "उजवीकडे, आतल्या बाजूला. आईला इथे टोचायचं."

आत्याने विचारलं, तुला काय माहीत.

"तिने मला सांगितलं होतं. जखम झाली होती, मी औषध लावायचो. तुला सांगू नको म्हणाली, तुला वाईट वाटेल म्हणून. मलाही वाटलं, तुला वाईट वाटेल."

आत्या स्टुलावर बसली. तिच्या चेहऱ्यावर राग असावा असं मला वाटलं, पण तो राग नव्हता. ती नुसती थकलेली दिसत होती, लांबून चालत आलेल्या माणसासारखी. तिने बाबांच्या हातातून कवळी घेतली, खिशातली निळी पेन्सिल काढायला गेली तर एप्रन खुंटीला होता. मी पेन्सिल आणून दिली. तिने बाबांना पुन्हा विचारलं, इथे की थोडं पुढे. थोडं पुढे, बाबा म्हणाले. तिने खूण केली. मग आत जाऊन यंत्र सुरू केलं. आम्ही दोघं बाहेर तो आवाज ऐकत होतो. आवाज थांबला, तिने बहुतेक बोट फिरवून पाहिलं असावं, कारण पुन्हा जरासा सुरू झाला आणि थांबला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातावर गुलाबी भुगा होता.

"वाईट वाटलं असतं," ती म्हणाली. "आणि मग दोन मिनिटांचं काम होतं."

बाबा रडायला लागले. माझी आई गेली तेव्हाही त्यांनी आलेल्यांना चहा विचारला होता, सगळ्यांशी हसून बोलले होते. त्या दिवशी मात्र त्या कलत्या खुर्चीत बसून, तोंडात एकही दात नसताना, ते लहान मुलासारखे तोंड उघडं टाकून रडले. आत्याने त्यांना उगी उगी म्हटलं नाही. बाजूला बसून राहिली. मीही बसून राहिले. मला बाबांची फार दया आली आणि आजीची त्याहून जास्त, आणि खरं सांगायचं तर थोडी स्वतःचीही, कारण ज्या डॉक्टरांनी काळजीचं काही नाही म्हणून बाबांना परत पाठवलं त्यांचे मीसुद्धा आभार मानूनच आले होते.

मग बाबांनी तोंड पुसलं, साच्यावरची ती मेणाची कवळी उचलली आणि टेबलावर ठेवली. आपटली असं म्हणता येणार नाही, पण त्यांच्या मानाने आपटलीच.

"आणि ही भिकार झालीये, ताई," ते म्हणाले. "डावीकडची दाढ आपटते. पहिल्यांदा घातलीस तेव्हासुद्धा आपटत होती. आता तर तोंडच मिटत नाही. असली कवळी घालून माणूस खाणार काय?"

आत्या उठली, खुंटीवरचा एप्रन काढला आणि कमरेला बांधू लागली. गाठ तिला दोनदा मारावी लागली. मग म्हणाली, चल, बस नीट, आता काम सुरू करू.

पुढचे चार दिवस बाबांनी पंचेचाळीस वर्षांची भरपाई केली. वरची सैल आहे, टाळूला गुदगुल्या होतात, दात फार पांढरे आहेत, मी काय नवरदेव आहे का. आत्या प्रत्येक वेळी खूण करायची, आत जायची, घासून यायची. एकदा तर बाबांनी भाजी खारट आहे म्हणून सांगितलं, जी त्या दिवशी खारट नव्हती. आत्याने त्यांना चांगलंच झापलं. खोटं ते खोटंच, ती म्हणाली, गोड असो नाहीतर तिखट. पाचव्या दिवशी दोन्ही कवळ्या पक्क्या होऊन आल्या. बाबांनी आरशासमोर उभं राहून एक अख्खं सफरचंद खाल्लं, देठापर्यंत, आणि त्या वेळात कुणाशीही एक शब्द बोलले नाहीत. दात होते तेव्हा चणे नव्हते आणि चणे आले तेव्हा दात गेले, हे आमच्या घरातलं आवडतं रडगाणं. ते सफरचंद संपेपर्यंत मला ते कधी खरं वाटलं होतं हेच आठवेना.

परत निघताना आत्या आम्हाला बसपर्यंत सोडायला आली. एप्रन तसाच होता, दुकान उघडं टाकून आली होती. मला धास्ती होती की आता बाबा आमच्या गावचा निरोप घेतील, म्हणजे तुझे उपकार कसे फेडू, सगळं उत्तम झालं, लवकरच येतो. मी त्यांचा हात धरून त्यांना आत बसवलं. बस सुटायची वेळ झाली. मागच्या माणसाने विचारलं, खिडकी उघडी ठेवणार आहात का, वारा लागतोय. बाबा म्हणाले, हो, ठेवणार आहे, दोन मिनिटं, आणि बाहेर डोकं काढलं.

"ताई, वरची अजून टोचतेय," ते म्हणाले. "डावीकडे, सुळ्याच्या मागे. बावीस तारखेला येतो."

आत्याने एप्रनच्या खिशातून निळी पेन्सिल काढली. कागद नव्हता म्हणून हाताच्या पाठीवरच लिहू लागली, कातडीवर पेन्सिल नीट उमटेना म्हणून ओली करून पुन्हा गिरवलं. बाबांनी आजवर तिला शंभर वेळा येतो म्हटलं असेल, पण तिने लिहून घेतल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. बस हलली तेव्हा ती आमच्याकडे बघत नव्हती. हातावरचे दोन आकडे नीट आलेत का, ते बघत होती.